विज्ञानकथेतील संदिग्ध डिस्टोपिया

विज्ञानकथेतील संदिग्ध डिस्टोपिया : जो कल्पित समाज सुखी म्हणावा की भयावह, याचा निर्णय सहजपणे करता येत नाही, अशा समाजाचे चित्रण करणारा कथाप्रकार. टॉमस मोरच्या यूटोपियाच्या (१५१६) विरुद्ध अर्थाचा ‘डिस्टोपियन’ हा शब्द जॉन स्ट्यूअर्ट मिलने १८६८ मध्ये ब्रिटिश संसदेत योजला. जॉर्ज ऑर्वेलसारख्या कादंबरीकारांच्या डिस्टोपियात जुलमी सत्ता उघड दिसते. येथे मात्र सत्ता खरोखरच हितकर्ती असते आणि पेच त्यातूनच उद्‍भवतो.

जॅक विल्यम्सनची (१९०८–२००६) विथ फोल्डेड हँड्‍स (१९४७, म. शी. हाताची घडी घालून) ही कथा या दृष्टीने महत्त्वाची. हिरोशिमानंतर अवघ्या दोन वर्षांनी ती लिहिली गेली. मानवाची सेवा, आज्ञापालन व संरक्षण एवढेच कर्तव्य असलेले यंत्रमानव घराघरांत येतात. इजा होऊ नये म्हणून ते माणसांना कोणतेच जोखमीचे काम करू देत नाहीत; यंत्रमानव अधिक निर्दोष वाजवितात म्हणून नायकाची मुलगी व्हायोलिन सोडते. जो दुःखी राहील, त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया होते व तो मनापासून सुखी होतो.  पुढे द ह्यूमनॉइड्‍स (१९४९) या कादंबरीत विल्यम्सनने हा विषय वाढविला. तिचा शेवट विजयाचा की शरणागतीचा, याविषयी मतभेद आहेत.

आयझॅक ॲसिमॉव्हच्या (१९२०–९२) द एव्हिटेबल कॉन्फ्लिक्ट (१९५०, म. शी. टाळता येणारा संघर्ष) या कथेत जगाची अर्थव्यवस्था सांभाळणारी यंत्रे आपल्या विरोधकांना गुपचूप दूर सारतात. हे भयंकर आहे, असे एका पात्रास वाटते, तर दुसऱ्यास ते अद्‍भुत वाटते. लेखकाचा कल दुसऱ्या मताकडे असावा. वाचकाने तो स्वीकारलाच पाहिजे असे नाही.

अर्सुला के. ल ग्विनने (१९२९–२०१८) द वन्स हू वॉक अवे फ्रॉम ओमेलास (१९७३, म. शी. ओमेलास सोडून जाणारे) या कथेत यंत्रे वगळून केवळ नैतिक प्रश्न ठेवला. विल्यम जेम्सच्या एका विचारावर ती आधारलेली असून तिला १९७४ चे ह्यूगो पारितोषिक मिळाले. सगळ्या नगराचे सुख तळघरात कोंडलेल्या एका मुलाच्या हालांवर अवलंबून असते. काहीजण नगर सोडून जातात. मूल मात्र तेथेच राहते. एन्. के. जेमिसिनने द वन्स हू स्टे अँड फाइट (२०१८, म. शी. थांबून लढणारे) या कथेत याला उत्तर दिले. तिच्या समतावादी नगरात विषमतेच्या विचाराचा संसर्ग झालेल्या बापास ठार केले जाते आणि त्याच्या मुलीला नगराचे रक्षक प्रेमाने सांभाळतात.