आरोग्य विमा व प्रवास विमा : गरज भासण्यापूर्वी समजून घ्यावयाच्या बाबी

राजुरा, जिवती, कोरपना आणि सभोवतालच्या परिसरातील आमच्या भाविकांना गंभीर आजारपणात दोनच दिशा ठाऊक असतात : चंद्रपूरमार्गे नागपूर किंवा आसिफाबादमार्गे हैदराबाद. कोणत्या दिशेला गाडी वळवायची हा निर्णय बहुधा रात्री, घाईत आणि शेजाऱ्यांच्या सल्ल्याने घेतला जातो. आपल्याजवळचे कार्ड अथवा पॉलिसी त्या दिशेला उपयोगी पडते की नाही, हा प्रश्न रुग्णालयाच्या खिडकीपाशी उभे राहिल्यावर प्रथमच विचारला जातो. त्यावेळी उत्तर नकारार्थी आले, तर शेत गहाण पडते. म्हणूनच सदर माहिती येथे सविस्तर देत आहोत.

शासकीय योजना

राज्य शासनाची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 2 जुलै 2012 रोजी प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि त्या आठांत आपला शेजारी गडचिरोली जिल्हा होता. नोव्हेंबर 2013 मध्ये ती राज्यभर लागू झाली व 2017 साली तिला महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. केंद्राची आयुष्मान भारत योजना 23 सप्टेंबर 2018 रोजी सुरू झाल्यानंतर दोन्ही योजना महाराष्ट्रात एकत्रितपणे राबविल्या जातात. पूर्वी राज्य योजनेत कुटुंबास वर्षाला दीड लाख रुपयांचे संरक्षण होते व पांढऱ्या शिधापत्रिकेला स्थान नव्हते. जुलै 2023 च्या निर्णयाने मर्यादा पाच लाख झाली आणि सर्व शिधापत्रिकाधारकांचा समावेश झाला. ‘आमची शिधापत्रिका पांढरी, आम्हाला काही मिळत नाही’ असे अजूनही मिस्सानंतरच्या गप्पांत ऐकू येते. ते आता खरे नाही. तसेच 70 वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक ज्येष्ठ नागरिकास, उत्पन्न कितीही असले तरी, ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळू शकते. त्यासाठी आधार कार्ड पुरेसे आहे.

हे पाच लाख रुपये संपूर्ण कुटुंबाचे मिळून आहेत, प्रत्येकी नव्हेत. ते यादीत नमूद केलेल्या उपचारांसाठी आणि रुग्णालयात दाखल झाल्यावरच मिळतात. बाह्यरुग्ण विभागातील तपासणी व नेहमीची औषधे त्यात येत नाहीत. रुग्णालय योजनेशी संलग्न असले पाहिजे. काही उपचार केवळ शासकीय रुग्णालयांसाठी राखीव आहेत. संलग्न रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ नावाचा कर्मचारी नेमलेला असतो. दाखल होतानाच त्याला भेटावे. आधी पैसे भरून, मागाहून योजनेतून परत मागू, असा विचार करू नये. ही योजना रोखरहित आहे.

सीमेचा प्रश्न आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. राजुरा तालुका पूर्वी निजामाच्या राज्यातील आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेनंतर तो इकडे आला. सोयरीक मात्र सीमा पाळत नाही. जिवती तालुक्यातील वादग्रस्त चौदा गावांत तर महाराष्ट्र व तेलंगणा या दोन्ही राज्यांची कागदपत्रे बाळगणारी कुटुंबे आहेत. अशा भागात ‘कार्ड आहे’ एवढे म्हणून भागत नाही. कोणत्या शासनाचे, कोणत्या योजनेचे, हे पाहावे लागते. केंद्राच्या आयुष्मान यादीत ज्यांचे नाव आहे, त्यांना अन्य राज्यातील संलग्न रुग्णालयातही लाभ घेता येतो. ज्यांचा हक्क केवळ राज्याच्या योजनेतून आहे, त्यांना हैदराबादला तो मिळेल असे गृहीत धरू नये. आपण कोणत्या गटात आहोत हे 14555 या क्रमांकावर (केंद्र) किंवा 155388 वर (राज्य) आजच विचारून ठेवावे. हैदराबादला निघालेल्या रुग्णवाहिकेत बसून विचारण्यात अर्थ नाही.

येथे एक बाब आमच्या समाजापुरती. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत एक नाव, शाळेत दुसरे, आधारवर तिसरे आणि शिधापत्रिकेवर सासरचे नाव अपूर्ण, अशी स्थिती अनेक घरांत आढळते. योजनेची पडताळणी आधार व शिधापत्रिकेवर होते; धर्मग्रामाचा दाखला तेथे चालत नाही. नावांतील तफावत घरात कोणी आजारी नसताना दुरुस्त करून घ्यावी. नवजात बालकाचे व नव्या सुनेचे नाव शिधापत्रिकेत घालण्याचे काम तर वर्षानुवर्षे राहून जाते.

कारखाना, खाण आणि नोकरीचा विमा

गडचांदूर परिसरातील सिमेंट कारखाने आणि सास्ती, धोपटाळा, गोवरी, पोवनी येथील कोळसा खाणी यांवर अनेक कुटुंबांचा चरितार्थ चालतो. कायम कर्मचाऱ्यांना कंपनीची वैद्यकीय सुविधा असते. कंत्राटी कामगारांनी मात्र आपल्या वेतनचिठ्ठीत राज्य कामगार विम्याची कपात दिसते का, हे पाहावे. जेथे हा कायदा लागू आहे, तेथे 2017 पासून मासिक 21,000 रुपयांपर्यंतच्या वेतनाला तो बंधनकारक आहे. कंपनीने काढलेला गट विमा नोकरीबरोबर संपतो, हे निवृत्तीच्या वा राजीनाम्याच्या दिवशी कोणी सांगत नाही. नोकरी सुटण्यापूर्वीच त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर करण्याची मागणी केल्यास आधीच्या वर्षांचा प्रतीक्षाकाळ वाया जात नाही. साठीला पोहोचल्यावर नव्याने सुरुवात करणे महाग पडते.

खासगी पॉलिसी वाचताना

पॉलिसीचा पहिला कागद आकर्षक असतो. अटी मागच्या पानांवर असतात. उदाहरणासाठी ‘आरोग्य संजीवनी’ ही प्रमाणित पॉलिसी घेऊ. 1 एप्रिल 2020 पासून ती निरनिराळ्या कंपन्यांकडे एकाच मसुद्याची मिळते. तिच्यात खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या दोन टक्के, परंतु दररोज जास्तीत जास्त 5,000 रुपये आहे. समजा, एखाद्याने एक लाखाची पॉलिसी घेतली. त्यास दररोज 2,000 रुपयांची खोली मंजूर आहे. नातेवाइकांनी रुग्णाच्या सोयीसाठी 4,000 रुपयांची खोली घेतली, तर कंपनी केवळ भाड्यातीलच नव्हे, तर डॉक्टरांचे शुल्क, शस्त्रक्रिया, शुश्रूषा इत्यादी संलग्न खर्चही निम्माच मान्य करते. अशा खर्चाचे 80,000 झाले असतील तर 40,000 स्वतः भरावे लागतात. शिवाय मान्य झालेल्या रकमेतील पाच टक्के रुग्णाचाच वाटा असतो. मोतीबिंदूसाठी वेगळी मर्यादा आहे. खोली निवडण्यापूर्वी पॉलिसीतील हे एक वाक्य वाचले तर मोठी हानी टळते. आमच्या मते संपूर्ण पॉलिसीत याहून अधिक उपयोगाचे वाक्य नाही.

दुसरी बाब पूर्वीच्या आजारांची. मधुमेह, रक्तदाब, सिकलसेल (आपल्या भागात तो अनेक घरांत आहे) यांची माहिती प्रस्तावपत्रात स्पष्ट लिहावी. एजंट ‘लिहू नका, हप्ता वाढेल’ असे म्हणाला तरी सही आपली असते. माहिती दिलेल्या जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ 2024 पासून जास्तीत जास्त 36 महिने आहे. दडविलेल्या आजारामुळे दावा नाकारला जाऊ शकतो आणि पॉलिसीही रद्द होऊ शकते. सलग 60 महिने पॉलिसी चालू राहिल्यावर मात्र सिद्ध झालेली फसवणूक वगळता या कारणास्तव कंपनीला आक्षेप घेता येत नाही. म्हणून हप्ता चुकवू नये. पॉलिसी हाती आल्यावर 30 दिवसांच्या आत ती परत करण्याचा हक्क ग्राहकास आहे. हे 30 दिवस वाचनासाठीच असतात. घरात इंग्रजी वाचणारे कोणी नसल्यास धर्मग्राम कार्यालयात ती घेऊन यावी.

दावा नाकारला गेल्यास कारण लेखी मागावे. प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. 30 दिवसांत समाधान न झाल्यास विमा लोकपालांकडे विनाशुल्क दाद मागता येते. वकील लागत नाही, मात्र एक वर्षाची मुदत पाळावी लागते.

अपघात विमा

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपयांत दोन लाखांचे अपघाती मृत्यूचे संरक्षण आहे. वय 18 ते 70. हा हप्ता मे अखेरीस बँक खात्यातून आपोआप वळता होतो. खात्यात शिल्लक नसल्यास संरक्षण संपते आणि कुटुंबास ते कळतही नाही. सर्पदंश व झाडावरून पडणे हेही यात अपघात मानले जातात, परंतु त्यासाठी तत्काळ रुग्णालयीन नोंद हवी. सर्पदंश झालेल्यास प्रथम मांत्रिकाकडे नेणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे : तेथे जीवही जातो आणि कागदही राहत नाही. मोहफुले किंवा तेंदूपाने वेचताना वाघाचा हल्ला झाल्यास वनविभागाकडून मिळणारी भरपाई ही विम्याहून वेगळी आहे; त्यासाठी वनविभागास त्वरित कळवून पंचनामा करून घ्यावा.

यात्रा व प्रवास

वेलंकणीच्या यात्रेसाठी आपले भाविक बल्लारशाहहून गाडी पकडतात. रेल्वेचा ऐच्छिक विमा केवळ संकेतस्थळावरून काढलेल्या तिकिटावर मिळतो. खिडकीवरच्या तिकिटावर नाही. हप्ता एका रुपयाहूनही कमी आणि मृत्यूस दहा लाखांचे संरक्षण. तिकीट काढल्यावर वारसाचे नाव भरावयाचे असते. ते बहुतेकजण भरत नाहीत. विमा नसला तरी वैध तिकीट असलेल्या प्रवाशाचा रेल्वे अपघातात किंवा गाडीतून अपघाताने पडून मृत्यू झाल्यास रेल्वे कायद्यानुसार आठ लाखांची भरपाई रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे मागता येते. त्याचे एक खंडपीठ नागपुरास आहे. म्हणूनच तिकीट जपून ठेवावे व त्याचे छायाचित्र घरी पाठवावे.

गट यात्रेसाठी जीप वा बस ठरविताना स्वस्त दराला भुलून पांढऱ्या पाटीची खासगी गाडी घेऊ नये. भाडे घेऊन प्रवासी नेल्याचे सिद्ध झाल्यास तिची विमा कंपनी जबाबदारी नाकारू शकते. यात्रा आयोजकांनी परवाना, आंतरराज्य कर व विम्याची मुदत निघण्यापूर्वी तपासावी.

परदेशी जाणाऱ्यांसाठी थोडक्यात : रोमसह शेंगेन देशांच्या व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. पवित्र भूमीच्या यात्रेस असा विमा घेतला तरी युद्धजन्य नुकसान बहुतेक पॉलिसींतून वगळलेले असते. ऑक्टोबर 2023 मध्ये तेथे अडकलेल्या यात्रेकरूंना परतीचा मार्ग शोधावा लागला होता. जुन्या आजारांचा समावेश आहे का, हे ज्येष्ठांनी लेखी विचारावे, आणि दाखल होण्यापूर्वी पॉलिसीवरील मदत क्रमांकावर कळवावे. आखातात नोकरीसाठी जाणाऱ्या, उत्प्रवास मंजुरी आवश्यक असलेल्या कामगारांना प्रवासी भारतीय विमा योजना बंधनकारक आहे : दोन वर्षांसाठी 275 रुपये, तीन वर्षांसाठी 375, संरक्षण दहा लाख. पॉलिसीची एक प्रत घरी आईवडिलांजवळ असावी.

कार्डे, पॉलिसी क्रमांक व वारसांची नावे एका वहीत लिहून ती घरातील किमान दोघांना माहीत असलेल्या जागी ठेवावी.