परवानगीची वाट

ख्रिस्ती दवाखाना म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर आधी सिस्टर येतात. पण 1936 पर्यंत व्रतस्थ भगिनींना डॉक्टरकीची, विशेषतः बाळंतपण करण्याची, मुभा नव्हती. शुचितेच्या व्रताला ते शोभत नाही, असा ख्रिस्तसभेचा जुना दंडक होता. हेतू वाईट नव्हता. पण दंडक रोममध्ये होता आणि अडलेली बाळंतीण रावळपिंडीत.

तिथल्या पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरला हात लावू देत नसत. स्कॉटलंडच्या डॉ. अ‍ॅग्नेस मॅक्लॅरेन यांनी ही अडचण ओळखली. साठी ओलांडल्यावर त्या कॅथलिक झाल्या होत्या. रावळपिंडीत त्यांनी स्त्रियांसाठी इस्पितळ उभे केले आणि डॉक्टर भगिनींना परवानगी मिळावी म्हणून रोमकडे पुन्हा पुन्हा विनंती केली. 1913 साली त्या प्रभूघरी गेल्या, तेव्हा दंडक होता तसाच होता.

त्यांच्याविषयीची पुस्तिका वाचून मेलबर्नच्या डॉ. मेरी ग्लाउरी 1920 साली गुंटूरला आल्या आणि धर्मभगिनी झाल्या. त्यांना पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी खास परवानगी दिली. ही कृपाच, पण एकीला सूट देणे म्हणजे बाकीच्यांसाठी नियम कायम ठेवणे, हेही खरे. (आपल्या सिकंदराबादेत जिचे मुख्य कार्यालय आहे, ती कॅथलिक आरोग्यसंस्थांची संघटना 1943 साली सुरू केली ती याच सिस्टरांनी.)

ऑस्ट्रियाच्या डॉ. अ‍ॅना डेंगेल यांनी दुसरी वाट धरली. रावळपिंडीत काम करून पाहिल्यावर 1925 साली वॉशिंग्टनमध्ये त्यांनी चौघींचा संघ काढला. जाहीर व्रते घेतली तर डॉक्टरकी सुटणार, म्हणून व्रतेच थांबवली! बंडही नाही आणि नुसते हात जोडून बसणेही नाही. मला ही युक्ती फार मोलाची वाटते.

अखेर 11 फेब्रुवारी 1936 रोजी, लूर्दमातेच्या सणादिवशी, रोमने आदेश काढला: मिशन प्रदेशातील भगिनींनी वैद्यकीय पदव्या घ्याव्यात, माता व बालकांची सेवा करावी.

बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेल्या स्त्रीने शास्त्राची मनाई असताना गर्दीत शिरून प्रभूच्या वस्त्राला हात लावला, आणि प्रभू तिला रागावला नाही. ही कथा धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण दरवर्षी शिकवतो. रोममध्येही ती दरवर्षी वाचली जात होती. मॅक्लॅरेनबाईंच्या निधनापासून त्या आदेशापर्यंत 23 वर्षे गेली.