लोखंड बाजारातला विठ्ठल

1970 साली सिडको स्थापन झाली आणि पनवेल तालुक्यातल्या आगरी-कोळ्यांच्या भातखाचरांवर नवी मुंबई उभी राहू लागली. त्यात कळंबोलीच्या वाट्याला लोखंड आलं. मुंबईच्या कर्नाक बंदर-दारूखान्याच्या दाटीतून हलवलेला बाजार इथे वसला. सळया-पत्रे वाहणारे माथाडी आले, ट्रकवाले आले, आणि वाहतुकीचा धंदा म्हटल्यावर पंजाबी मंडळी आलीच, त्यांच्यामागून गुरुद्वाराही. जमिनी गेल्या तरी या पट्ट्यातल्या गावठाणांत गावदेवी राहिली. तिला ओटी लागते, मान लागतो, आणि मान चुकला तर ती कोपते. तेव्हा देव ही व्यक्ती की निव्वळ तत्त्व, या प्रश्नाची दोन टोकं एकाच वस्तीत मिळाली असं कुणी म्हणेल: इकडे रागलोभ असलेली आई, तिकडे मूर्तीच नाही. ही वाटणी मला पटत नाही, कारण तिच्याविरुद्धचा साक्षीदार खुद्द पंढरपूरचा आहे.

नामदेव (1270–1350) लहानपणी विठ्ठलाला हाताने जेवू घालणारे, अशी परंपरा सांगते. पुढे औंढा नागनाथाला विसोबा खेचरांनी त्यांना देव मूर्तीपुरता नाही हे शिकवलं, आणि उत्तरायुष्यात ते पंजाबात घुमानला राहिले. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदं आहेत. त्यांत विठ्ठल ‘बीठल’ होऊन येतो. विटेवरून उतरलेला, सगळीकडे भरून राहिलेला. पण याच पदांत वासराविना तळमळणाऱ्या गाईचा दाखलाही आहे. गुरुत्वाकर्षणासाठी कुणी असं तळमळत नाही. आकार गेला, नातं तसंच राहिलं. आकार नसणं आणि व्यक्तित्व नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडच्या सगुण-निर्गुण वादात त्यांची सर्रास गल्लत होते. गुरुद्वारात पहाटे ग्रंथाचा प्रकाश करतात, त्यावर चवरी ढाळतात, रात्री त्याला सुखासनात निजवतात. ग्रंथ तिथे गुरू आहे, देव नव्हे, हे खरं. तरी निराकाराकडे जाणारी वाट इतकी घरगुती असावी, हे नजरेआड करता येत नाही.

पंजाबातले नामदेव वेगळेच होते, अशी शंका काही अभ्यासक घेतात. असतीलही, पदांतला देव त्याने बदलत नाही. अद्वैताचा आक्षेप मात्र भारी आहे. ‘अमृतानुभव’ लिहिणाऱ्या ज्ञानेश्वरांना भक्त आणि देव हे द्वैत अखेरीस कुठे मान्य आहे? नाही, हे कबूल. पण त्याच ज्ञानेश्वरांनी 1290 साली ज्ञानेश्वरीच्या शेवटी पसायदान मागितलं, आणि मागायला देणारा लागतो. ती सामान्यांसाठी दिलेली सवलत म्हणावी, तर प्रार्थना समाजाचं काय करायचं? 1867 साली मुंबईत निघालेल्या या समाजाने मूर्ती नाकारली; रानडे, भांडारकरांसारख्या पंडितांना सवलतीची गरज नव्हती, तरी त्यांची उपासना उभी राहिली ती प्रार्थनेवर आणि तुकोबांच्या अभंगांवर. जोतीराव फुल्यांना तर पूजा आणि नामजप दोन्ही नामंजूर. तरीही 1891 साली, त्यांच्या मृत्यूनंतर, छापून आलेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तकातला त्यांचा निर्मीक स्त्री-पुरुष सर्वांना सारखे हक्क देऊन जन्माला घालतो. हक्क द्यायचे तर हेतू लागतो, आणि नुसत्या तत्त्वाला हेतू नसतो.