पाहुण्यांमुळे टिकलेलं घर

आपल्यापैकी कुणाच्या तरी आजीच्या गाठोड्यात राणीछाप रुपया असेल. त्यावरची व्हिक्टोरिया राणी १८३७ ते १९०१ इंग्लंडच्या गादीवर होती. तिच्या काळातल्या लंडनमधल्या एका घराची गोष्ट आज सांगते.

केन्सिंग्टन भागात स्टॅफर्ड टेरेस नावाचा रस्ता आहे. तिथलं १८ नंबरचं घर लिनली सॅम्बोर्न आणि त्याची बायको मॅरियन यांनी १८७५ साली घेतलं. नवीनच लग्न झालेलं जोडपं. तो ‘पंच’ नावाच्या साप्ताहिकात व्यंगचित्रं काढायचा. दोघांना घर सजवायची हौस दांडगी, पण पैसा जपून वापरायचा. दिवाणखान्याच्या भिंतींना त्यांनी चामड्यासारखा दिसणारा महागडा कागद लावला, तोही दिसेल तेवढ्याच जागी. तसबिरींच्या मागे जुनाच कागद राहू दिला. आपणही पाहुणे आले की चादरीची विटलेली बाजू भिंतीकडे करतोच की!

या घरात जेवणावळी व्हायच्या. मॅरियन १८८१ पासून रोजनिशी लिहायची. कोण जेवायला आलं, काय वाढलं, मुलांची दुखणी, नोकरांच्या कटकटी, सगळं त्यात आहे. त्या वेळी कुणाला वाटलं असेल, बाईचं हे लिहिणं काय कामाचं? आज त्या घराचा इतिहास सांगताना त्याच वह्यांचा आधार घेतात.

स्वयंपाकघर होतं तळघरात. स्वयंपाकीण तिथे रांधायची आणि ताटं वर जायची. मोलकरीण झोपायची अगदी वरच्या मजल्यावर. तिची रोजनिशी नाही. तिच्याबद्दल जे कळतं, ते बहुतेक मालकिणीच्या शब्दांतून. आता ते स्वयंपाकघर आणि ती वरची खोलीही लोकांना दाखवतात, हे चांगलं झालं.

लिनली १९१० साली गेला, मॅरियन १९१४ साली. मुलगा रॉय याने लग्न केलं नाही. तो १९४६ पर्यंत त्याच घरात राहिला आणि त्याने फारसं काही बदललं नाही. पुढे त्याची बहीण मॉड आणि तिची मुलगी ॲन यांनी ते तसंच जपलं. ॲन उमरावाच्या घरात दिलेली, रॉसची काउंटेस.

तोवर जुन्या काळच्या इमारतींना लोक नावं ठेवू लागले होते. त्या पाडणं चालू होतं. नोव्हेंबर १९५७ मध्ये ॲनने याच घरात काही ओळखीची माणसं बोलावली आणि विचारलं, हे सगळं वाचवायला आपण मंडळ काढायचं का? त्यातून १९५८ साली ‘व्हिक्टोरियन सोसायटी’ उभी राहिली. जॉन बेटजेमन हे कवी तिच्या संस्थापकांत होते. सगळ्याच लढाया जिंकता आल्या नाहीत, युस्टन स्टेशनची मोठी कमान पाडली गेलीच. पण सेंट पँक्रस स्टेशन वाचलं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसशी त्याचं बरंच साम्य आहे.

१९८० साली ॲनने घर लंडनच्या महापालिकेला विकलं आणि ते संग्रहालय झालं. अशा जुन्या घरांमध्ये आता छोट्या खासगी बैठकाही होतात. भाड्याचा पैसा दुरुस्तीला लागतो. पण इथेच खरी अडचण आहे. माणसांच्या श्वासाची ओल, पायांची धूळ, उजेड, सांडलेला खाऊ आणि त्यावर येणारे किडे, या सगळ्यांनी कापड, कागद, लाकूड झिजतं. म्हणून माणसं मोजकीच घेतात. मेणबत्ती पेटवू देत नाहीत, जुन्या खुर्चीवर बसू देत नाहीत, डाग पडेल असं पेय आत नेऊ देत नाहीत. घर कायम बंद ठेवलं तर दुरुस्तीला पैसा नाही, आणि सताड उघडं टाकलं तर दहा-वीस वर्षांत दाखवायला काही उरणार नाही. म्हणून मधला हिशेब रोज नव्याने मांडावा लागतो.

मैत्रिणींनो, आपल्या बचत गटाच्या वहीत पैशांचा हिशेब असतो. या महिन्यात शेवटच्या पानावर एवढंच लिहून पाहा: बैठक कुणाच्या घरी झाली, काय खाल्लं, कुणी केलं आणि भांडी कुणी घासली. आणि तिचं नाव पूर्ण लिहा.