ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधील खेळाडू-निवडीचे नियम आणि न्यायाचा प्रश्न : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

क्रीडा-इतिहास म्हणजे विक्रमांची आणि विजेत्यांची जंत्री, असा समज आपल्याकडील इतिहास-विभागांत अद्यापही बऱ्याच अंशी टिकून आहे. वस्तुतः व्यावसायिक खेळाची नियमावली हा त्या समाजाच्या न्यायकल्पनेचा दस्तऐवज असतो. कोणाला संधी द्यावी, दुर्बलाला किती सवलत द्यावी आणि त्यासाठी कोणाच्या स्वातंत्र्यावर मर्यादा घालावी, हे प्रश्न विधिमंडळाइतकेच क्रीडा-महामंडळापुढेही उभे राहतात. या दृष्टीने ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमधील 'ड्राफ्ट' पद्धतीचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हा खेळ आपल्याकडे फारसा परिचित नाही. लंबवर्तुळाकार मैदान, अंडाकृती चेंडू, प्रत्येक बाजूला अठरा खेळाडू आणि दोन्ही टोकांना चार-चार उभे खांब, असे त्याचे बाह्यरूप. १८९६ साली स्थापन झालेल्या व्हिक्टोरियन फुटबॉल लीगचे १९९० साली 'ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग' असे नामांतर झाले. दरवर्षी मोसम संपल्यावर नव्या खेळाडूंची वाटणी होते. गुणतक्त्यात शेवटी राहिलेल्या क्लबने प्रथम निवड करावयाची आणि विजेत्याने सर्वांत शेवटी, हे तिचे मूळ सूत्र. अमेरिकन फुटबॉलमध्ये ते १९३६ पासून रूढ होते. आयपीएलमुळे आपल्याला लिलाव ठाऊक आहे. परंतु ड्राफ्ट म्हणजे लिलाव नव्हे. लिलावात किमान खेळाडूची किंमत तरी वाढते. ड्राफ्टमध्ये अठरा वर्षांच्या मुलाचे नाव पुकारले जाते आणि ज्या क्लबने ते पुकारले त्या शहरी त्याने जावयाचे असते.

जन्मस्थान आणि कुळ यांतून मिळणारा लाभ नाहीसा करणे, हे या पद्धतीचे नैतिक समर्थन होते. तोच लाभ गेल्या दोन दशकांत नियमांच्याच वाटेने परत आला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रदेशवाटपाचा काळ

ड्राफ्टपूर्वी मेलबर्न शहरातील भाग निरनिराळ्या क्लबांना वाटून दिलेले होते. १९६८ पासून हीच पद्धत व्हिक्टोरिया राज्याच्या ग्रामीण भागालाही लागू झाली. बारा क्लब, बारा प्रदेश. मुलगा ज्या गावी राहतो ते गाव ज्या क्लबच्या वाट्याला आले असेल, त्याच क्लबकडून त्याने खेळावयाचे. कागदावर ही व्यवस्था समतेची दिसते. पण नकाशावर सारखे दिसणारे तुकडे खेळाच्या दृष्टीने सारखे नसतात, हे जमीनमहसुलाच्या अभ्यासकांना निराळे सांगावयास नको. हॉथॉर्नच्या वाट्याला मॉर्निंग्टन द्वीपकल्पाकडील वेगाने वाढणारी वस्ती आली. तेथील चेल्सीहून ली मॅथ्यूज आणि फ्रँक्स्टनहून डर्मट ब्रेरटन हे त्या क्लबला जणू वतनाप्रमाणे मिळाले.

१९६८ ते १९८६ या एकोणीस वर्षांतील अजिंक्यपदांची विभागणी पाहण्यासारखी आहे. कार्लटन ६, हॉथॉर्न ५, रिचमंड ४, नॉर्थ मेलबर्न २ आणि एसेंडन २. म्हणजे एकोणीसही विजेतेपदे पाच क्लबांत संपली. उरलेल्या सातांना काहीच नाही. या विषमतेचे सारे खापर प्रदेशवाटपावर फोडणे योग्य ठरणार नाही. पैसा आणि व्यवस्थापन हेही घटक होते. दहा वर्षे सेवा झालेल्या खेळाडूंना क्लब बदलण्याची जी अल्पकाळ मुभा १९७० च्या दशकाच्या प्रारंभी मिळाली, तिचा नॉर्थ मेलबर्नने चतुराईने उपयोग करून घेतला. तरीही विषमतेचा पाया भूगोलात होता, हे नाकारता येत नाही.

या व्यवस्थेला धक्का बसला तो न्यायालयात. साउथ मेलबर्न हा क्लब १९८२ साली सिडनीला हलविण्यात आला. सिल्व्हिओ फॉस्किनी या तरुण खेळाडूला मेलबर्न सोडावयाचे नव्हते. त्याला सेंट किल्डाकडून खेळावयाचे होते. क्लब मुक्त करीत नाही म्हणून तो व्हिक्टोरियाच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. १९८३ साली न्यायमूर्ती क्रॉकेट यांनी लीगचे नियम म्हणजे व्यवसाय-स्वातंत्र्यावरील अवाजवी निर्बंध होत, असा निर्णय दिला. लीगचा जुना आधार त्यामुळे डळमळीत झाला. १९८५ पासून वेतनावर कमाल मर्यादा आली आणि १९८६ च्या अखेरीस पहिला ड्राफ्ट झाला. त्यातील पहिली निवड होती मार्टिन लेस्ली, ब्रिस्बेन बेअर्स या नव्या क्लबची. येथे एक विसंगती नजरेआड होऊ नये. एका खेळाडूच्या स्वातंत्र्याच्या दाव्याने जुनी पद्धत मोडकळीस आली आणि तिच्या जागी आलेल्या पद्धतीत नव्या खेळाडूला निवडीचे स्वातंत्र्य जवळजवळ उरलेच नाही.

क्लबांपुरते पाहिले तर सुधारणा झाली, हे मान्य केले पाहिजे. १९९० ते २००८ या पुढच्या एकोणीस वर्षांत अकरा निरनिराळे क्लब विजेते ठरले. क्लबांची संख्याही या काळात वाढली, ही बाब हिशेबात धरूनही फरक उरतोच.

पराभवाचे पारितोषिक

शेवटच्याला प्रथम संधी या सूत्रात एक धोका आरंभापासूनच दडलेला होता. १९९३ पासून अतिशय दुर्बल क्लबांना नेहमीच्या निवडीखेरीज एक 'अग्रक्रम निवड' देण्याची प्रथा पडली आणि तो धोका वाढला. २००६ मध्ये अट अशी झाली की, सलग दोन मोसम सोळा किंवा त्याहून कमी गुण, म्हणजे फार तर चार विजय मिळविणाऱ्या क्लबला पहिल्या फेरीच्याही आधी एक निवड मिळावी. पाचवा विजय आता क्लबला महाग पडू लागला.

२००७ साली रिचमंड तळाशी होता, कार्लटन त्याच्या वर. परंतु अग्रक्रम निवडीमुळे पहिला खेळाडू, मॅथ्यू क्रूझर, कार्लटनला मिळाला आणि शेवटच्या क्रमांकाच्या रिचमंडला दुसरा. कार्लटनची ही लागोपाठ तिसऱ्या वर्षीची पहिली निवड होती. त्या वर्षी मेलबर्न आणि कार्लटन यांच्यात झालेल्या अखेरच्या सामन्याला लोकांनी उपहासाने 'क्रूझर चषक' असे नाव दिले. जो हरेल तो जिंकेल, असा त्याचा आशय.

२००९ चे मेलबर्न क्लबचे उदाहरण अधिक गंभीर आहे. आदल्या वर्षी तीन विजय झालेले. या वर्षी चारच्या वर जावयाचे नाही, अशी कुजबुज. अठराव्या फेरीत रिचमंडविरुद्ध खेळाडूंच्या जागांची विचित्र अदलाबदल झाली. तरीही सामना मेलबर्नच्या हातात होता. शेवटची शिटी वाजल्यानंतर रिचमंडच्या जॉर्डन मॅक्मेहनने घेतलेल्या किकवर गोल झाला आणि मेलबर्न चार गुणांनी हरले. स्वतःच्या चमूच्या पराभवाने प्रेक्षकाला सुटकेचा निःश्वास टाकावासा वाटावा, याहून नियमाचे मोठे अपयश कोणते? मोसम चार विजयांवर संपला आणि मेलबर्नला पहिल्या दोन्ही निवडी मिळाल्या : टॉम स्कली आणि जॅक ट्रेंगोव्ह.

२०१२ मध्ये मेलबर्नचा माजी खेळाडू ब्रॉक मॅक्लीन याने दूरचित्रवाणीवर केलेल्या वक्तव्यानंतर चौकशी झाली. फेब्रुवारी २०१३ मध्ये लीगने दिलेला निर्णय वाचताना इतिहासाच्या अभ्यासकाला काहीसे हसू येते. क्लबने हेतुपुरस्सर पराभव पत्करला असे सिद्ध झाले नाही. तथापि क्लबला पाच लाख डॉलर दंड झाला आणि प्रशिक्षक डीन बेली व अधिकारी ख्रिस कॉनॉली यांना निलंबित करण्यात आले. अपराध नाही, पण शिक्षा आहे. नियमच अपराधाला आमंत्रण देत होता, हे मान्य केले असते तर दोष लीगकडे गेला असता. स्वयंचलित अग्रक्रम निवड त्यापूर्वीच निकालात निघाली होती.

या साऱ्यातून मेलबर्नच्या पदरी काय पडले? स्कली दोन मोसमांनंतर नव्या ग्रेटर वेस्टर्न सिडनी क्लबकडे निघून गेला. २०१३ मध्ये मेलबर्न केवळ दोन सामने जिंकले. तो सामना जिंकलेल्या रिचमंडने त्याच ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर डस्टिन मार्टिनला घेतले. पुढे २०१७, २०१९ आणि २०२० या रिचमंडच्या तिन्ही अंतिम विजयांत सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला.

कुळ आणि भूगोल यांचे पुनरागमन

'पिता-पुत्र नियम' ड्राफ्टहून जुना आहे. तो १९४९ चा. त्याच्या पहिल्या लाभार्थींपैकी रॉन बरासी यांची कथा ऑस्ट्रेलियात सर्वतोमुखी आहे. त्यांचे वडील मेलबर्नकडून ५८ सामने खेळले आणि १९४१ साली तोब्रुक येथे युद्धात कामी आले. मुलाने वडिलांच्याच क्लबकडून खेळावे यासाठी प्रदेशवाटपाला दिलेली ही मुरड होती. त्यात भावना होती आणि ती समजण्याजोगी होती. आजच्या नियमानुसार वडील त्या क्लबकडून किमान शंभर सामने खेळलेले असावे लागतात. म्हणजे ज्यांच्यामुळे हा नियम लोकांच्या स्मरणात राहिला, ते बरासी आज अपात्र ठरले असते!

ड्राफ्टच्या काळात या भावनेला बाजारमूल्य आले. २००१ साली जीलाँग क्लबने गॅरी ॲब्लेट धाकटा याला चाळिसाव्या क्रमांकावर मिळविले, २००६ साली टॉम हॉकिन्सला एकेचाळिसाव्या. टीकेनंतर २००७ पासून बोली आली आणि २०१५ पासून गुणांकन-तक्ता. पहिल्या निवडीचे मूल्य ३००० गुण. दुसऱ्या क्लबने बोली लावल्यास वडिलांच्या क्लबने तितके गुण, पण २० टक्के सवलतीने, भरावयाचे. २०२१ साली निक डायकॉसवर गोल्ड कोस्टने चौथ्या क्रमांकावर बोली लावली. मूल्य २०३४, सवलत वजा जाता सुमारे १६२७. चाळिसाव्या क्रमांकाच्या मागेपुढे असलेल्या चार निवडी एकत्र करून कॉलिंगवूडने ही रक्कम भागविली. त्या वर्षीची आपली मूळ पहिली निवड हा क्लब आधीच दुसऱ्याला देऊन बसला होता. सोन्याची मोहोर चिल्लर देऊन घेतल्यासारखाच हा व्यवहार. तक्ता गणिती होता म्हणून तो न्याय्य होता, असे म्हणता येत नाही. २०२५ पासून सवलत १० टक्क्यांवर आणून तक्त्याचीही फेररचना करावी लागली, यातच त्याची कबुली आहे.

दुसरा प्रश्न भूगोलाचा. न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँड या राज्यांत रग्बी लीगचे प्राबल्य असल्याने तेथील चार क्लबांना २०१० च्या सुमारास स्वतःच्या प्रबोधिनी काढण्याची आणि त्यांत घडलेल्या मुलांवर प्रथम हक्क सांगण्याची मुभा मिळाली. हेतू खेळाच्या प्रसाराचा होता आणि तो खोटा नव्हता. पण २०२३ च्या ड्राफ्टमध्ये गोल्ड कोस्टने आपल्या प्रबोधिनीतील चार मुले पहिल्याच फेरीत घेतली. १९६८ च्या प्रदेशवाटपाशी याचे साम्य कोणाच्याही ध्यानात यावे. ब्रिस्बेनचे उदाहरण तर बोलके आहे. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये अजिंक्यपद, आणि नोव्हेंबरमध्ये पिता-पुत्र नियमान्वये लेव्हाय ॲशक्रॉफ्ट पाचव्या क्रमांकावर. थोरला भाऊ विल आधीपासून त्याच क्लबात. २०२५ चे अजिंक्यपदही ब्रिस्बेनचेच. १९९५ नंतर जन्मलेल्या क्लबांना शंभर सामने खेळलेले बाप कोठून आणावयाचे, हा प्रश्न कोणत्याही गुणतक्त्याने सुटत नाही.

आदिवासी मुलांसाठी, तसेच आई किंवा वडील आशिया वा आफ्रिकेत जन्मलेल्या मुलांसाठी काढलेल्या प्रबोधिनींचा प्रश्न अधिक नाजूक आहे. मेलबर्नमध्ये स्थायिक झालेल्या मराठी घरातील मुलगाही तत्त्वतः या वर्गात मोडतो. २०२० साली जमारा उगल-हेगन हा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू याच वाटेने वेस्टर्न बुलडॉग्जला मिळाला आणि लगेच पुढच्या वर्षी पहिल्या वीस क्रमांकांपर्यंत हा हक्क गोठविण्यात आला. पुढे निर्बंध सैल झाले. मात्र पित्याच्या नावावर मिळणाऱ्या हक्कावर असे गोठवण कधी आले नाही, ही नोंद करून ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

करारात नसलेला पक्ष

या सर्व वादांत 'न्याय' हा शब्द क्लबांच्या संदर्भातच वापरला गेला. १९९१ साली रग्बी लीगची अंतर्गत ड्राफ्ट पद्धत फेडरल न्यायालयाच्या पूर्ण पीठाने रद्द ठरविली. फुटबॉलचा ड्राफ्ट मात्र टिकून आहे, कारण खेळाडू-संघटनेने सामूहिक कराराद्वारे तो स्वीकारला आहे. हा युक्तिवाद व्यवहारात भक्कम आहे. परंतु सदर करार करतात ते आधीच आत आलेले खेळाडू. ज्याच्या आयुष्याची दिशा ड्राफ्ट ठरवतो, तो शाळकरी मुलगा त्या वेळी संघटनेचा सभासदच नसतो. २०१२ पासून दीर्घ सेवेनंतर क्लब बदलण्याची मोकळीक आली खरी, पण तिच्यासाठी साधारणतः आठ वर्षे एकाच क्लबात काढावी लागतात. म्हणजे अठराव्या वर्षी घेतला गेलेला मुलगा सव्विशीत पोहोचतो. आणि तशी मोकळीक घेऊन खेळाडू गेला, तर भरपाईची निवड मिळते ती क्लबला. २०१४ साली जेम्स फ्रॉली हॉथॉर्नकडे गेला, तेव्हा मेलबर्नला तिसऱ्या क्रमांकाची निवड देण्यात आली.

२०२१ च्या ड्राफ्टमधील पहिला खेळाडू होता दक्षिण ऑस्ट्रेलियातील जेसन हॉर्न-फ्रान्सिस. तळाच्या नॉर्थ मेलबर्नने त्याला घेतले. सूत्राप्रमाणे सारे यथास्थित झाले. एकच मोसम खेळून २०२२ च्या अखेरीस तो पोर्ट ॲडलेडकडे, आपल्या राज्यात परतला. क्लबनिष्ठेच्या अभावाची चर्चा त्या वेळी बरीच झाली. नॉर्थ मेलबर्न हा क्लब त्याने निवडला नव्हता, ही गोष्ट त्या चर्चेत क्वचितच आली.