द बिट्रेयल (साइनफेल्ड मालिकेतील भाग)

'द बिट्रेयल' (अर्थ : विश्वासघात) हा 'साइनफेल्ड' या अमेरिकन विनोदी दूरचित्रवाणी मालिकेच्या नवव्या पर्वातील आठवा भाग आहे. तो २० नोव्हेंबर १९९७ रोजी एनबीसी वाहिनीवर प्रथम प्रसारित झाला. त्याचे लेखन डेव्हिड मँडेल आणि पीटर मेल्मन यांनी, तर दिग्दर्शन अँडी ॲकरमन यांनी केले. या भागातील प्रसंग उलट्या कालक्रमाने येतात : शेवटी घडलेला प्रसंग आरंभी आणि सर्वांत आधी घडलेला प्रसंग अखेरीस. कथा आणि तिची मांडणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कथनमीमांसेतील मूलभूत तत्त्व या भागावरून सहज स्पष्ट होते.

पार्श्वभूमी

भागाचे नाव आणि रचना ब्रिटिश नाटककार हॅरॉल्ड पिंटर यांच्या 'बिट्रेयल' (१९७८) या नाटकावरून घेतली आहे. एका विवाहबाह्य संबंधाची ही हकीकत पिंटर यांनी १९७७ पासून मागे १९६८ पर्यंत नेली आहे. नाटकात मित्राच्या पत्नीशी संबंध ठेवणाऱ्या पात्राचे नाव जेरी आहे आणि मालिकेच्या नायकाचेही नाव जेरीच आहे. मालिकेतील भागात नवरदेवाला 'पिंटर' हे नाव देऊन या ऋणाची उघड कबुली दिली आहे.

कथानक

कालक्रमाने पाहिल्यास कथा अशी आहे. जेरीची जुनी मैत्रीण नीना हिच्याशी जॉर्जची ओळख होते. पहिल्या भेटीत जाड तळाचे बूट घातल्यामुळे तो उंच दिसलेला असतो; म्हणून पुढे ते बूट उतरवण्याची त्याची तयारी नसते. दरम्यान जेरी आणि नीना यांच्यात शरीरसंबंध येतो. हे गुपित इलेनला ठाऊक असते. इलेनला तिची प्रतिस्पर्धी सू एलेन मिश्के हिच्या भारतातील विवाहाचे निमंत्रण अगदी उशिरा मिळते. आपण येऊ नये हाच त्यामागील हेतू आहे असे मानून ती हट्टाने जाते आणि मित्रांनाही सोबत नेते. मद्याच्या अमलाखाली तिच्या तोंडून जेरीचे गुपित जॉर्जला कळते. नवरदेवाशी इलेनचे पूर्वी संबंध होते हेही बाहेर येते आणि विवाह मोडतो. समांतर उपकथानकात एका परिचिताने वाढदिवशी आपल्या मरणाची इच्छा धरली, या धास्तीने क्रेमर त्या इच्छेवर उतारा शोधत राहतो. प्रेक्षकाला हे सर्व नेमके उलट्या क्रमाने कळते.

कथा आणि कथानक

रशियन रूपवादी समीक्षकांनी, विशेषतः व्हिक्टर श्क्लोव्स्की यांनी, 'फाब्युला' आणि 'स्यूझेत' असा भेद केला. घटना ज्या क्रमाने घडल्या ती फाब्युला, म्हणजे कथा; वाचकापुढे त्या ज्या रीतीने मांडल्या जातात ते स्यूझेत, म्हणजे कथानक. त्व्हेतान तोदोरोव्ह यांनी १९६९ मध्ये या अभ्यासशाखेला 'नॅरॅटोलॉजी' हे नाव दिले. जेरार जेनेत यांनी १९७२ मध्ये कथनातील काळाचा विचार क्रम, कालावधी आणि वारंवारिता या तीन अंगांनी केला.

क्रमाच्या दृष्टीने हा भाग म्हणजे प्रत्यावलोकनांची साखळी आहे. मात्र प्रत्येक प्रसंग आतून सरळच पुढे सरकतो. उलटा असतो तो केवळ प्रसंगांचा अनुक्रम. हा प्रसंग किती काळ आधीचा आहे हे पडद्यावरील अक्षरांतून कळते, आणि अन्यथा निवेदक नसलेल्या या भागात ती अक्षरेच निवेदकाचे काम करतात. कालावधीच्या दृष्टीने, मागे जाण्याच्या उड्या आरंभी लहान असतात, तर अखेरीस त्या कित्येक वर्षांच्या होतात.

विनोदाची यंत्रणा

विनोदी मालिकांत सामान्यतः एखादी वस्तू किंवा वाक्य आधी पेरले जाते आणि नंतर त्यातून फजिती उगवते. येथे फजिती आधी येते, पेरणी नंतर. भारतातील उकाड्यातही जॉर्ज जड बूट का काढत नाही, हे प्रेक्षकाला प्रथम कळत नाही. कारण पुढे, म्हणजे भूतकाळात, सापडते.

मायर स्टर्नबर्ग यांनी कथनाचे तीन परिणाम मानले आहेत : पुढे काय होईल याची उत्कंठा, मागे काय झाले असेल याचे कुतूहल आणि आश्चर्य. या भागात शेवट आधीच ठाऊक असल्याने उत्कंठा जवळजवळ नाहीशी होते आणि तिची जागा कुतूहल घेते. ॲरिस्टॉटलने वर्णिलेला अभिज्ञानाचा क्षणही स्थान बदलतो. पात्रांना सत्य कळल्याचे प्रेक्षक आधी पाहतो. त्या सत्याचा उगम त्याला नंतर उमगतो.

शेवटचा प्रसंग

अखेरचा प्रसंग अकरा वर्षांपूर्वीचा आहे. जेरी नव्या घरात राहायला आला असून शेजारी क्रेमरशी त्याची पहिली भेट होते. जे माझे ते तुझेच, अशा अर्थाचे सौजन्याचे वाक्य जेरी बोलून जातो. क्रेमर जेरीच्या घरात विनापरवाना शिरतो आणि त्याच्या फ्रिजमधील खाणे फस्त करतो, हे नऊ पर्वे पाहिलेल्या प्रेक्षकाला या वाक्याचे परिणाम ठाऊक असतात. हेच वाक्य आरंभी आले असते तर ते केवळ शिष्टाचार ठरले असते. अखेरीस आल्याने ते साऱ्या मालिकेचे मूळ कारण होऊन बसते.

मालिकेच्या नवव्या पर्वाच्या डीव्हीडीत हा भाग सरळ कालक्रमानेही दिला आहे. दोन्ही रूपांतील घटना त्याच आहेत, पण सरळ रूपाचा शेवट परतलेल्या मंडळींच्या कॉफीगृहातील भेटीने होतो आणि शेजाऱ्याच्या पहिल्या भेटीतील उपरोध उरत नाही. अर्थ केवळ घटनांत नसून त्यांच्या क्रमातही असतो, हे या तुलनेतून दिसते.

मूळ नाटकाशी तुलना आणि मर्यादा

पिंटर यांच्या नाटकात मागे जाणारा काळ वेदना गडद करतो : अखेरच्या प्रवेशात प्रेमाची सुरुवात होते आणि तिचा शेवट प्रेक्षकाला आधीच ठाऊक असतो. 'साइनफेल्ड'मध्ये मात्र पात्रांनी काही शिकू नये आणि भावनाविवश होऊ नये असा दंडक पाळला जाई. त्यामुळे तेच तंत्र येथे शोकाऐवजी हास्य निर्माण करते. एकाच रचनेचे परिणाम साहित्यप्रकारानुसार बदलतात, म्हणून केवळ रचनेवरून कृतीचा आशय ठरवता येत नाही.

या भागात भारत केवळ पार्श्वभूमी म्हणून येतो. ज्यातून पात्रांना सहज निसटता येणार नाही असे दूरचे स्थळ कथानकाला हवे होते. त्यापलीकडे तेथील समाजजीवनाला कथेत फारसे स्थान नाही. क्रम, कालावधी आणि वारंवारिता यांच्या विश्लेषणातून ही उणीव लक्षात येत नाही; त्यासाठी चित्रणाची वेगळी चिकित्सा करावी लागते.