तेलातलं पाणी : इंजिनाच्या पोटातली गळती कशी शोधली गेली

वाफेच्या इंजिनात पाणी गळलं की डोळ्यांना दिसायचं. डिझेल इंजिन आलं आणि एक नवीनच कोडं उभं राहिलं. टाकीतलं पाणी रोज कमी होतंय, पण खाली जमिनीवर थेंब नाही. मग पाणी जातं कुठे? तर इंजिनाच्या पोटात.

आता हे पाणी आत गेल्यानं काय बिघडतं? दोन गोष्टी. पाणी तेलात मिसळलं तर बेअरिंगमधला तेलाचा पातळ थर तुटतो, आणि मग क्रँकशाफ्टपर्यंत नुकसान पोचतं. पाणी पिस्टनच्या डोक्यावर साचलं तर आणखी वाईट. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. इंजिन सुरू करताक्षणी कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून बराच वेळ उभं राहिलेलं इंजिन आधी सिलिंडरचे कॉक उघडून हळूहळू फिरवून बघायचं, अशी शिस्त पडली.

जुनी परीक्षा साधी होती. तेलाला दुधाळ रंग आलाय का, ते बघायचं. तापलेल्या पत्र्यावर तेलाचा थेंब टाकायचा. तडतडला, तर पाणी आहे. पण गळती बारीक असेल, तर गरम तेलातलं पाणी उडून जातं. थेंब तडतडत नाही आणि आपण निर्धास्त राहतो. खरा धोका इथेच होता.

यातून वाट निघाली 1940च्या दशकात, अमेरिकेत. डेन्व्हर अँड रिओ ग्रांड वेस्टर्न या रेल्वेनं आपल्या प्रयोगशाळेत डिझेल इंजिनांचं वापरलेलं तेल वर्णपटावर तपासायला सुरुवात केली. प्रत्येक मूलद्रव्य तापलं की स्वतःचा ठरावीक प्रकाश देतं, हे बुन्सेन आणि किरशॉफ यांनी 1860च्या सुमारास दाखवलं होतं. ते ज्ञान इथे कामी आलं. थंड करण्याच्या पाण्यात गंज लागू नये म्हणून त्या काळी क्रोमेटचे क्षार घालत. पाणी उडून गेलं तरी क्षार तेलात राहतात! म्हणजे चोर पळाला, पण पाऊलखुणा राहिल्या.

अर्थात यात एक मेख होती. क्रोमियम पिस्टन-रिंगांच्या मुलाम्यातूनही येऊ शकतं. मग सोडियम बघायचं. सोडियम आणि क्रोमियम जोडीनं वाढले, तर संशय पाण्यावर. क्रोमियमबरोबर लोखंड वाढलं आणि सोडियम जागेवरच राहिलं, तर झीज.

आपल्याकडे 1962 साली अमेरिकेतून आल्को कंपनीची डब्ल्यूडीएम-2 इंजिनं आली, आणि 1964 पासून ती वाराणसीला तयार होऊ लागली. पुढे कल्याण, पुणे इथल्या डिझेल शेडमध्ये ती वर्षानुवर्षं सांभाळली गेली. शेडच्या कामात तेलाचे नमुने तपासणं हा नेहमीचा भाग झाला.

पण प्रयोगशाळा एवढंच सांगते, की पाणी आलंय. सोळा सिलिंडरपैकी कुठून आलं, हे सांगत नाही. ते शोधायला इंजिन बंद करून पाण्याच्या मार्गात दाब द्यायचा, क्रँककेसची दारं उघडायची आणि बॅटरीच्या उजेडात खालून बघत बसायचं. लायनरच्या बाहेरच्या अंगानं थेंब उतरला, तर रबरी रिंग गेली. सिलिंडरच्या कॉकमधून पाणी आलं, तर हेडला किंवा लायनरला चीर असण्याची शक्यता मोठी. आणि पाण्याच्या टाकीत तेलाचा तवंग दिसला, तर आधी ऑइल कूलर तपासा. कारण इंजिन चालू असताना तेलाचा दाब पाण्यापेक्षा जास्त असला तर तेल पाण्यात शिरतं, आणि इंजिन बंद झालं की पाणी तेलात उतरतं.

घाई मात्र चालत नाही. काही चिरा धातू थंड असतानाच उघडतात, काही फक्त तापल्यावर. थंड इंजिनावर काही दिसलं नाही म्हणून ते पुन्हा गाडीला जोडणं, ही महागात पडणारी चूक. वर्णपटानं संशय लवकर घ्यायला शिकवलं. पण वाकून, थांबून बघणारा फिटर लागतोच. या इतिहासात त्याचं नाव सापडत नाही, म्हणून आज मुद्दाम त्याची आठवण काढली.